सरपंच, आमच्या मुलांना उमेदवारी द्या

महाराष्ट्रातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना,



मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली बरीचशी मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात, म्हणजे तुमच्याच गावांतून. दर वर्षी वार्षिक परीक्षा जवळ आली की तास संपल्यावर एखाददुसरं पोर मागं रेंगाळतं आणि विचारतं, "मॅडम, सुट्टीत सरकारी ऑफिसात काम शिकायला मिळेल का? पैसे नकोत, नुसतं शिकायला." पुण्याला गेलेल्या भावंडांकडून 'इंटर्नशिप' हा शब्द त्यांच्या कानावर आलेला असतो. इंजिनिअर होणारा कंपनीत जाऊन शिकतो, डॉक्टर होणारा दवाखान्यात शिकतो, मग ज्याला राज्यकारभारात पडायचंय त्यानं कुठं शिकायचं, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

बरीच वर्षं मी एकच उत्तर देत आले. "आधी पदवी घे, मग बघू." उत्तर खोटं नव्हतं. मुख्यमंत्री फेलोशिप 2015 साली सुरू झाली, तिला वय 21 ते 26 आणि हातात पदवी लागते. खासदारांना संसदीय कामात मदत करण्याची 'लॅम्प' फेलोशिप पदवीधरांसाठी. नीती आयोगाची इंटर्नशिप पदवीला असलेल्यांसाठी आणि त्यापुढच्यांसाठी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा संसदीय अभ्यासवर्ग भरवते, तोही विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणाऱ्यांसाठी. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेनं बारावी पास मुलांना महिना 6,000 रुपये विद्यावेतनावर सरकारी कचेऱ्यांत पाय ठेवायला वाट करून दिली, आणि ते फार चांगलं झालं. पण तिथंही 18 वर्षं पूर्ण हवीत. 16-17 वर्षांच्या मुलानं कुठं जायचं, याचं उत्तर यातल्या कुठल्याच योजनेत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी दोन मुलींना कॉलेजचं पत्र देऊन एका सरकारी कचेरीत पाठवलं. पहिल्या टेबलावरच्या माणसानं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या ओळखीनं आलात?" ओळख कुणाचीच नव्हती. मग साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. असे तीन सोमवार झाले. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, निदान पत्र मिळाल्याची पोच तरी द्या. पोच मिळाली नाही. परत आल्यावर त्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, आपल्याला आत घेतच नाहीत." तिनं 'आम्हाला' म्हटलं असतं तर मी तिची समजूत घातली असती. 'आपल्याला' म्हणताना तिनं मलाही, तिच्या आईबापालाही, सगळ्या वर्गालाच त्या दाराबाहेर उभं केलं होतं. तो शब्द माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि हे पत्र मी त्यामुळेच लिहिते आहे.

याच वयाच्या मुलांना राजकारण मात्र बरोबर शोधून काढतं. फ्लेक्सवर फोटो, मोटरसायकल रॅलीला पेट्रोल, दहीहंडीला टी-शर्ट, साहेबांच्या वाढदिवसाला रील. निवडणूक प्रचारात लहान मुलांना वापरू नका, अशी सक्त ताकीद निवडणूक आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये सगळ्या पक्षांना दिली. ती द्यावी लागली, यातच सगळं आलं. माझ्या वर्गातल्या सोळा वर्षांच्या मुलाला घोषणा पाठ असतात. त्याच्या गल्लीतला दिवा कुणाच्या सहीनं बसतो आणि बिल कोण भरतं, हे त्याला ठाऊक नसतं. गर्दीत त्याला सगळे घेतात, कचेरीत कुणी घेत नाही.

आपल्याकडे असं काम शिकण्यासाठी जुना शब्द आहे. वकिलाकडे, छापखान्यात, पेढीवर पोरं उमेदवारी करायची. उमेदवारी म्हणजे जाणत्या माणसाच्या शेजारी बसून काम शिकणं. आता तो शब्द निवडणुकीच्या अर्जापुरता उरलाय. मला त्याचा जुना अर्थ तुमच्या कचेरीत परत हवा आहे.

तुमच्याकडेच का मागते, तेही सांगते. मंत्रालय लांब आहे, जिल्हा परिषदेला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात. मुंबईत महिनाभर राहून इंटर्नशिप करायला माझ्या वर्गातल्या मुलाला परवडणार नाही आणि मुलीला घरून सोडणार नाहीत. ग्रामपंचायत मात्र घरापासून पाच मिनिटांवर आहे. आई दुपारी हाक मारू शकेल इतक्या जवळ. शिवाय ते खरंखुरं सरकार आहे, सरावासाठी मांडलेला खेळ नव्हे. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली तेव्हापासून तुम्हाला थेट राज्यघटनेचा आधार आहे. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीनं सुट्टीत दोन मुलं घेतली, तरी 56 हजार जागा होतात. इतक्या जागा कुठलीच फेलोशिप देऊ शकणार नाही. आणि त्यासाठी कुठल्या जीआरची वाट बघत बसायला नको. मासिक सभेत एक ठराव केलात तरी पुरे आहे.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका सरपंचताईंनी माझ्या शब्दाखातर अकरावीची दोन मुलं महिनाभर घेतली, एक मुलगी आणि एक मुलगा. रोज सकाळी तीन तास. त्या महिन्यात मी चार-पाच वेळा जाऊन बसले. जे पाहिलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला आठवडा पाण्याचा. पंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर दोघं सकाळी टाकीवर जायची आणि मग वस्तीतल्या शेवटच्या नळावर. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही आला तर टीसीएल पावडर पडलेली नाही किंवा कमी पडली आहे. वहीत तारीख, वेळ, कुणाच्या घराजवळचा नळ, रंग आला की नाही आला. तिसऱ्या दिवशी शेवटच्या नळावर रंग आला नाही. मुलगी धावत कचेरीत आली. जलसुरक्षकानं टाकीवर जाऊन पावडरचं पोतं पाहिलं तर ते ओलं होऊन दगड झालेलं. नवीन पोतं त्याच दिवशी आलं. ज्या मुलीला मी वर्षभर 'स्थानिक शासनाची कार्ये' शिकवत होते, तिला ते कार्य त्या दिवशी नळीतल्या पाण्यात दिसलं. पुस्तकातल्या यादीत 'पिण्याच्या पाण्याची सोय' असं तीन शब्दांत लिहिलेलं असतं. ते तीन शब्द रोज सकाळी कुणीतरी पोतं उघडतं म्हणून खरे होतात.

मग नमुना 8. घरांच्या कर आकारणीची ती जाडजूड वही तुमच्या रोजच्या हाताखालची आहे, मुलांनी ती कधीच पाहिलेली नसते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (कागदावर आता तुम्ही ग्रामपंचायत अधिकारी झालात, पण गाव भाऊसाहेबच म्हणणार) मुलीला एक काम दिलं. किती घरांच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या नावाबरोबर बायकोचं नाव लागलंय, ते मोज. घर दोघांच्या नावावर करायचा शासनाचा निर्णय 2003 सालचा आहे. तिनं कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले आणि एकेक पान उलटत काड्या मारत गेली. एका रकान्यात काड्यांच्या जुड्या झाल्या, दुसरा बराचसा रिकामाच राहिला. मग तिचं स्वतःचं घर आलं. बराच वेळ ती त्या पानावर थांबली. तिनं मान वर करून विचारलं, "भाऊसाहेब, आईचं नाव लावायला काय लागतं?" त्यांनी सांगितलं, अर्ज आणि वडिलांची संमती. तिनं कोरा अर्ज मागून घेतला, घडी करून दप्तरात ठेवला. पुढं घरात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. जूनमध्ये उताऱ्यावर दोन नावं होती.

मुलाच्या वाट्याला ग्रामपंचायत विकास आराखडा आला. गावात तालमीवर पत्रे टाकायचं दोन वर्षं चाललं होतं आणि सरपंचच खोडा घालतात असं त्याच्या मित्रमंडळाचं ठाम मत. आराखडा वाचता वाचता त्याला कळलं की वित्त आयोगाच्या पैशात बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच जातो, तो तालमीकडं वळवताच येत नाही. अबंधितातला पैसा आधीच अंगणवाडीच्या दुरुस्तीला धरलेला. "म्हणजे अंगणवाडी का तालीम, हे ग्रामसभेत ठरायला पाहिजे होतं, आणि आमच्यातला एकही मोठा माणूस त्या दिवशी आला नव्हता," तो मला म्हणाला. राज्यशास्त्राच्या माझ्या दहा तासांत जे आलं नसतं ते या एका वाक्यात आलं.

ग्रामसभेचंच सांगायचं तर वर्षाला किमान चार भरवणं तुम्हाला कायद्यानं बंधनकारक आहे, आणि गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमत नाहीत आणि सभा तहकूब होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सोसलंय. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणून मग चार डोक्यांत गावाचं वर्षभराचं ठरतं. या मुलांना मत नाही, ठरावाला हात वर करता येणार नाही. पण नोटीस घरोघर पोचवायला, विषयपत्रिका वाचता न येणाऱ्या आजीला समजावून सांगायला, इतिवृत्ताचा कच्चा मसुदा लिहायला मत लागत नाही. आणि ज्या घरातलं पोर सभेत लिहायला बसलंय त्या घरातून एक माणूस तरी सभेला येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कर्नाटकात मुलांची वेगळी 'मक्कळ ग्रामसभा' भरते, मुलं पंचायतीपुढं स्वतःची गाऱ्हाणी मांडतात. हिवरे बाजारला दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं येतो. आपल्या मातीत हे काही परकं नाही.

एक लांबचं उदाहरणही द्यावंसं वाटतं, कारण त्यात आपल्यासाठी इशारा आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये 1829 पासून 'पेज' म्हणून मुलं काम करतात. आज ती 16-17 वर्षांची, शाळेत शिकणारी असतात. सभागृहात कागदपत्रं पोचवतात, पहाटे शाळा करतात आणि कामाचा पगारही घेतात. तिथल्याच दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहातही, असे पेज होते. 2011 साली ती योजना बंद झाली. एक कारण खर्चाचं, दुसरं असं की निरोप आणि कागद आता संगणकावरून जातात, पोरांना कामच उरलं नाही. माझ्या मनात भीती आहे ती हीच. मुलांना झेरॉक्स आणायला आणि चहा सांगायला ठेवलंत तर महिन्याभरात ती कंटाळतील, तुम्हीही कंटाळाल. खरं काम द्या. चुकलं तर गावाला फरक पडेल असं काम, आणि तपासायला शेजारी एक जाणता माणूस.

तुमच्या मनातल्या अडचणी मला ठाऊक आहेत. भाऊसाहेबांकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार असतो, मुलांकडे बघायला वेळ कुठला? खरं आहे. म्हणून रोज एक काम आणि शेवटी दहा मिनिटं तपासणी, याहून जास्त मागत नाही. रोजचं शिकवणं जलसुरक्षक, संगणक परिचालक, अंगणवाडीताई, आशाताई करू शकतात, आणि त्यांना ते आवडतं, कारण त्यांच्या कामाबद्दल आजवर कुणी काही विचारलेलंच नसतं. मुलगी असेल तर एकटी नको, जोडीनं, दिवसाउजेडी, आणि कचेरीत एखादी बाईमाणूस असेल अशाच वेळी. पालकांचं लेखी संमतीपत्र कॉलेज देईल. कुणाची घरपट्टी थकलीय ते मुलं बाहेर बोलतील ही भीती रास्त आहे. पहिल्याच दिवशी हे समजावून सांगावं लागतं आणि थकबाकीची यादी हातात न देणंच बरं. निवडणूक लागली की त्या दिवसापासून काम बंद, यात कसलीही सूट नको. फ्लेक्सवर त्यांचे फोटो नकोत.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. मुलं निवडायची कशी? सरपंचांचा पुतण्या आणि सदस्याची मुलगी आली, तर ज्यांना आत घेतच नाहीत ती मुलं पुन्हा बाहेर राहतील. नावं शाळेनं मागवावीत, चिठ्ठ्या टाकाव्यात, दोनपैकी एक मुलगी असावी. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत ही खबर पोचली का, हे चिठ्ठ्या टाकण्याआधी बघावं. त्या वस्तीतलं पोर पंचायतीच्या खुर्चीवर बसून वही लिहितंय हे गावानं पाहणं, हाही त्या महिन्याचा भाग आहे.

आमच्या बाजूनं काय, तेही कबूल करते. अकरावी-बारावीला राज्यशास्त्राचा प्रकल्प असतो. बरीच वर्षं मी स्टेशनरीच्या दुकानातून छापून आणलेले प्रकल्प तपासून गुण दिले. संसदेचं रंगीत चित्र, मागं तीच ती माहिती, फक्त मुखपृष्ठावर नाव वेगळं. यापुढं जो विद्यार्थी पंचायतीत काम करेल त्याचा प्रकल्प म्हणजे त्याची कामाची वही, तुमच्या सहीसह. माझ्या विषयाच्या इतर शिक्षकांनाही मी हेच सांगते आहे. दहावी आणि बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये संपतात, पुढं निकालापर्यंत मुलं रिकामीच असतात, ती वेळही आहे. आणि ज्यांना 17 पूर्ण झालीत त्यांना मतदार यादीसाठी नमुना 6 आगाऊ भरता येतो, 2022 पासून तशी सोय आहे. तो अर्ज त्यांनी तुमच्याच कचेरीत बसून स्वतःच्या हातानं भरला, तर मतदार म्हणून त्यांचा पहिला कागदही तिथंच तयार होईल.

शहरातले वाचक म्हणतील, आमच्याकडं पंचायत नाही. नगरपालिका आहे, प्रभाग कार्यालय आहे, आमदारांचं संपर्क कार्यालय आहे. आमदारांच्या कार्यालयात दिवसाला जी पत्रं येतात ती विषयवार लावायची, कुठलं गाऱ्हाणं कुठल्या खात्याचं ते ओळखायचं, हे काम सतरा वर्षांची मुलगी उत्तम करेल. पण तिथं पक्षाचा झेंडा शेजारी असतो, म्हणून पालकांनी आणि शाळेनं अधिक जपून पाऊल टाकावं. माझा भर पंचायतीवर आहे तो त्यामुळेही. पंचायतीत पक्ष नसतो असं मी म्हणत नाही, पण नळाला पाणी येतं की नाही याला तिथं पक्ष नसतो.

मुलांना मी पत्र लिहायला शिकवलंय. नाव, इयत्ता, गाव, कुठल्या तारखेपासून किती दिवस, रोज किती तास, आणि तीन ओळींत काय शिकायचंय ते. 'आपला आज्ञाधारक' नाही, 'कृपाभिलाषी' नाही. 'आपला, या गावचा रहिवासी' अशी सही करायला सांगितलंय. अकरावीची परीक्षा एप्रिलमध्ये संपेल. त्यानंतर 1 मेची ग्रामसभा येते, त्याआधीच्या आठवड्यात मुलं तुमच्या दारात उभी राहतील. बहुधा दोघं-दोघं येतील, आत कोण आधी जाणार यावरून उंबऱ्यात थोडा वेळ घुटमळतील. काम देणं जमणार नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा, ती समजून घेतील. पण पत्र मात्र ठेवून घ्या, आणि त्यांच्या प्रतीवर पोच द्या. सही, शिक्का, तारीख.

आपली,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका